खेळणाऱ्या लेकीचं दुखणं आणि आपण



दशलक्षण पर्वात मंदिरजीच्या पायऱ्या उतरताना आपल्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुमच्या पोरीनं किती केले?" म्हणजे उपवास. आणि साधारण त्याच दिवसांत शालेय स्पर्धा सुरू झाल्या की दुसरा प्रश्न येतो, "कितवा नंबर आला?" दोन्ही प्रश्न मायेनंच विचारलेले असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीला या दोन्ही प्रश्नांतून एकच गोष्ट समजते. जितकं जास्त सहन केलं, तितकं जास्त कौतुक. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलीच्या डोक्यात हे बसलं की ती दुखणं सांगायचं बंद करते. मला खरी भीती त्याची वाटते.

माझी नात अमरावतीत जिम्नॅस्टिक्स शिकते. मी अकोल्याची, पण तिची आई नोकरी करते, त्यामुळे स्पर्धांच्या दिवसांत माझा मुक्काम तिकडेच असतो. अमरावतीत हे खूळ नवीन नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलं, आणि 1936 साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन मल्लखांबासारख्या आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्यामुळे अंबानगरीत मूल जरा लवचिक निघालं की शेजारपाजारचे लगेच सांगतात, घाला हिला आखाड्यात. आपल्या समाजातल्याही बऱ्याच मुली आता जिम्नॅस्टिक्सला, दोरीच्या मल्लखांबाला जातात. आमच्या काळी असं नव्हतं, आता आहे, याचा मला आनंदच आहे.

आता दुखण्याचं बोलू. नात संध्याकाळी घरी येते, बॅग टाकते आणि म्हणते, "आजी, मांड्या लय दुखून राह्यल्या." अशा वेळी घरातून दोनच उत्तरं मिळतात. एक, "मग सोडून दे ना, कोणी सांगितलंय?" आणि दुसरं, "एवढं तर होणारच, मेडल काय फुकट मिळते?" माझ्या मते ही दोन्ही उत्तरं सारखीच वाईट, कारण दोन्हीत तिचं ऐकून घेतलेलंच नाही. आधी विचारावं, कुठं दुखतं, कसं दुखतं, कधीपासून.

नवीन व्यायाम केला, किंवा सुट्टीनंतर पुन्हा सुरुवात केली, की स्नायू दुखतात. हे दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि चार-पाच दिवसांत आपोआप जातं. ते दोन्ही मांड्यांत, दोन्ही दंडांत सारखं असतं. ठणक सगळीकडे पसरलेली असते आणि जरा हालचाल केली, अंग गरम झालं की कमी वाटते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्यांदा पापड लाटायला बसलो की आपले खांदे भरून येतात ना, तसंच. याला घाबरायचं कारण नाही. कोमट पाण्यानं अंघोळ, तिळाच्या तेलाचा हलका हात, पोटभर जेवण आणि झोप, एवढंच पुरतं. झोप मात्र खरीखुरी हवी, मोबाइल उशाशी घेऊन घेतलेली नाही.

दुसरं दुखणं वेगळं असतं. मूल एक बोट ठेवून सांगतं, "इथं." एकाच मनगटात, एकाच टाचेत, एकाच गुडघ्याखाली. सूज दिसते, चालताना पाय वाचवून टाकते, रात्री झोपेतून उठते, आणि सराव सुरू झाल्यावर दुखणं कमी न होता वाढत जातं. मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीची एक नाजूक पट्टी असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. वय वाढलं की ती पक्की होते, पण तोपर्यंत तीच सगळ्यात कमकुवत जागा असते. आणि जिम्नॅस्टिक्समध्ये मुली हातावर उभ्या राहतात, म्हणजे अख्ख्या शरीराचा भार मनगटावर. उडी मारून उतरताना तर पायांवर वजनाच्या कितीतरी पट धक्का बसतो. म्हणून हातावर उभं राहताना मनगट दुखणं, टाच दुखणं, वाटीच्या खाली टेंगूळ येऊन दुखणं, आणि विशेषतः मागे वाकताना कमरेत कळ येणं, यातलं काहीही आठवडाभर टिकलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंच. कंबरेच्या मणक्याला मागे वाकून वाकून बारीक चीर पडू शकते. तिला "वात आहे, चोळून दे" म्हणून चालत नाही. स्पर्धेच्या सकाळी दुखण्याची गोळी देऊन मैदानात उतरवणं हा प्रकारही मी पाहिला आहे. गोळी दुखणं थांबवते, चीर थांबवत नाही.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आपल्या धर्मात तर सहन करण्यालाच मान आहे. सहा बाह्य तपांत कायक्लेश आहेच की! आहे ना. पण कायक्लेश समजून-उमजून, स्वतःच्या इच्छेनं, स्वतःच्या देहाला द्यायचा असतो. दुसऱ्याच्या देहाला दिला की त्याचं नाव बदलतं, त्याला हिंसा म्हणतात. आणि सोळाकारण भावनांमध्ये तपाच्या आधी एक शब्द जोडलेला आहे, "शक्तितः". आपण दरवर्षी सोळाकारणाची पूजा करतो, तो शब्द तोंडानं म्हणतो आणि पुढे जातो. शक्तीप्रमाणे. शक्ती किती, हे ज्याची त्यालाच माहीत असतं, आणि मुलीची शक्ती आपल्याला कळते ती तिच्या "दुखून राह्यलं" यातूनच. ते वाक्य आपण बंद पाडलं तर मोजायचं माप हरवलं.

2016 साली हैदराबादला तेरा वर्षांची एक मुलगी 68 दिवसांच्या उपवासानंतर गेली. त्या वेळी टीव्हीवाल्यांनी आपल्या धर्माला जे जे म्हटलं ते ऐकून मलाही राग आला होता. पण राग ओसरल्यावरही तेरा हा आकडा डोक्यातून जात नाही. त्या घरावर मी काही बोलणार नाही, त्यांचं दुःख त्यांना. मात्र मिरवणूक, बग्गी, फ्लेक्स आणि टाळ्या हे सगळं लहान मुलांच्या तपातून काढून टाकावं, असं माझं तेव्हापासूनचं स्पष्ट मत आहे. खेळातही तेच. पोरगी विभागीय स्पर्धेला निवडली गेली की चौकात फ्लेक्स लागतो. मग पुढच्या वेळी टाच दुखली तर ती सांगेल कशी? चौकात तिचा फोटो लागलेला असतो.

मी बी.कॉम. केलं, त्यामुळे मला या खेळाची गुण देण्याची पद्धत फार आवडली. आंतरराष्ट्रीय नियमांत दोन खाती असतात. एक अवघडपणाचं खातं, त्यात जितकं कठीण कराल तितकी जमा होत जाते. दुसरं सफाईचं खातं, ते 10 पासून सुरू होतं आणि त्यात फक्त वजावट होते. लहान चूक 0.10, मध्यम 0.30, मोठी 0.50, आणि पडलात तर पूर्ण 1. म्हणजे पंचाचं काम वजाबाकीचं. तिथं ठीक आहे, तो त्यासाठीच बसलेला असतो. पण घरी आल्यावर बाबा व्हिडिओ लावून वजाबाकी करतात, आई शेजारणीच्या मुलीशी तुलना करून वजाबाकी करते, आजोबा दहावीच्या सवलतीच्या गुणांचा आणि नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचा हिशेब मांडतात. मुलीच्या जमेच्या बाजूला कोणीच काही लिहीत नाही.

मोठ्या खेळाडूंच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, तेव्हा कोणती गोष्ट सांगतो तेही बघायला हवं. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची केरी स्ट्रग पहिल्या उडीत पाय दुखावून पडली, तरी तिनं दुसरी उडी मारली, एका पायावर तोल सावरला, आणि संघाला सुवर्ण मिळालं. प्रशिक्षकानं तिला उचलून पदक घ्यायला नेलं. हा व्हिडिओ आजही पालकांच्या ग्रुपवर फिरतो, खाली टाळ्यांचे हात. पण त्या दिवशीचे सगळे गुण मांडून पाहिले तर तिनं दुसरी उडी मारली नसती तरीही सुवर्ण अमेरिकेचंच होतं. त्या दुखापतीमुळे तिला पुढच्या वैयक्तिक स्पर्धा मात्र खेळता आल्या नाहीत. ही बाजू ग्रुपवर कोणी पाठवत नाही.

त्याच अमेरिकेची सिमोन बाइल्स 2021 मध्ये टोकियोला संघाच्या अंतिम फेरीत एक उडी मारून बाजूला झाली. हवेत असताना आपण कुठं आहोत हे शरीराला कळेनासं झालं होतं, आणि अशा अवस्थेत उडी मारली तर मान मोडू शकते. तिच्यावर टीका काय कमी झाली? पण तिनं ऐकलं नाही, विश्रांती घेतली, त्याच ऑलिम्पिकमध्ये बीमवर कांस्य घेतलं आणि 2024 ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णं जिंकली. माझ्या नातीला मी ही गोष्ट सांगते. थांबणारी पोरगी संपत नाही, हे तिला त्यातून न सांगता कळतं.

आणि आपली दीपा कर्माकर. त्रिपुरासारख्या लहान राज्यातली, तळवे सपाट, म्हणजे या खेळाला अडचणीचेच. तिनं 2016 ला रिओमध्ये प्रोदुनोव्हा नावाची भलती अवघड उडी मारून चौथा क्रमांक मिळवला. 15.066 गुण, कांस्य फक्त 0.150 नं हुकलं. चौथ्या क्रमांकाला पदक नसतं, तरी सगळ्या देशानं तिला डोक्यावर घेतलं. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर शरीरात बंदी असलेला हायजेनामाइन हा पदार्थ सापडल्यामुळे 21 महिन्यांची बंदीही भोगली. आपल्या हातून नकळत घेतलं गेलं, असं तिनं सांगितलं. त्यानंतर 2024 मध्ये ताश्कंदला आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊनच ती निवृत्त झाली. जिमच्या दुकानातून आणलेला डबा, ओळखीच्यानं दिलेली पावडर, "काही होत नाही" म्हणून दिलेल्या कॅप्सूल, हे मुलीच्या पोटात जाऊ देऊ नका. तशीही पुष्कळ कॅप्सूलची टरफलं जिलेटिनची असतात आणि ओमेगाच्या गोळ्या माशाच्या तेलाच्या, म्हणजे आपल्या घरात त्यांचं काम नाहीच. जवसाची चटणी रोज पानात वाढा. वऱ्हाडात जन्माला येऊन जवस विसरायचं म्हणजे कमालच.

स्पर्धेच्या ताणाबद्दल माझं एकच मत आहे, आणि ते मी घरात जोर करून अमलात आणलं आहे. विभागीय स्पर्धा अकोल्याला असली की परतीचा प्रवास गाडीनं. एवढ्या वेळात मुलगी गाडीत कोंडलेली असते, पळून जाऊ शकत नाही, आणि बहुतेक आई-बाबा नेमकं तेव्हाच प्रवचन सुरू करतात. पूर्वी या रस्त्यावर इतके खड्डे होते की बोलणंच अशक्य होतं. 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचा पट्टा पाच दिवसांत करून विक्रम झाला, आणि रस्ता गुळगुळीत झाल्यावर पालकांना बोलायला सोय झाली! म्हणून आमच्या घरचा नियम असा, की मूर्तिजापूर येईपर्यंत स्पर्धेचा विषय कोणीही काढायचा नाही. तिनं काढला तर ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. मूर्तिजापूरला थांबून काहीतरी खायचं. जावयांना पहिल्यांदा हे फार जड गेलं. पण गेल्या खेपेला तिथं पोहोचायच्या आतच पोरगी स्वतःहून म्हणाली, "बीमवर चढताना माझे पाय लटपटत होते, मला पाहणारे सगळे दिसत होते." हे वाक्य कोणी विचारून निघालं नसतं. घरी आल्यावर ती आणि मी रोज पाच मिनिटं डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणतो, श्वास सोडताना एक पद. त्यानं पदक मिळतं असं मी तिला सांगत नाही. तसलं काही मंत्राच्या गळ्यात बांधू नये.

आता जेवणाचा तिढा. सराव संध्याकाळी पाच ते सात, आणि डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो. आपल्याकडे रात्री जेवत नाहीत. म्हणजे दुपारी एकला जेवलेली मुलगी दोन तास उड्या मारून येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी. असं महिनोन्‌महिने चाललं तर शरीर खर्च भागवायला हाडांतून आणि पाळीतून उचल करतं. ऑलिम्पिक समितीच्या वैद्यकीय मंडळींनी 2014 पासून या अवस्थेला एक वेगळं नावच दिलं आहे. पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, बारीक फ्रॅक्चर होतात. जमा कमी आणि खर्च जास्त असं किती वर्षं चालेल, हे कळायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

यावर आमच्या घरी मतभेद झाले, तुमच्याकडेही होतील. मी सरांना विनंती करून हिवाळ्यापुरती तिची सकाळची तुकडी करून घेतली. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी चार-साडेचारला खाऊ न देता पूर्ण जेवण द्यावं, ज्वारीची भाकरी, तुरीचं किंवा मुगाचं वरण, दही, वर गूळ-शेंगदाणे. आणि तेही शक्य नसेल, तर वाढत्या वयाच्या लेकराला सरावानंतर जेवू घालावं असं माझं मत आहे. नियम तिनं समजून घ्यायचा, तो तिच्यावर लादायचा नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंना हे पटलेलं नाही, त्या मला आजही टोकतात, त्यांचा मी आदर करते.

दशलक्षणात नातीनं अनंत चतुर्दशीच्या उपवासाचा हट्ट धरला आणि चारच दिवसांवर स्पर्धा होती. मी तिला सांगितलं, तप बारा प्रकारचं असतं, त्यात उपवास फक्त एक. वैयावृत्त्य पण तप आहे, स्वाध्याय पण तप आहे. तिनं दहा दिवस गोड सोडलं आणि रोज संध्याकाळी माझे गुडघे चेपून दिले. तिच्या हाताला जोर चांगला आहे, व्यायामाचा फायदा आम्हालाही.

बारा-तेराव्या वर्षी शरीर बदलतं, उंची वाढते, वजन वाढतं आणि काल येणारी कोलांटी आज येत नाही. तोल नव्यानं शिकावा लागतो, त्याला महिने लागतात. याच वयात घरातून "जरा जाडच झालीस" हे ऐकू येतं, आणि पोशाखावरूनही कुरबुर सुरू होते. पूर्ण पायाचा पोशाख घालायची या खेळात परवानगी आहे. जर्मनीच्या मुलींनी 2021 मध्ये टोकियोला तो घालून दाखवला. तेव्हा पोशाखाचं निमित्त करून कोणी मुलीला घरी बसवू नये. आणि वजनकाटा माळ्यावर टाका.

एक शेवटची गोष्ट, थोडी अवघड, पण आपल्यात बायकाच आहोत म्हणून लिहिते. अमेरिकेतल्या लॅरी नासर नावाच्या डॉक्टरनं वर्षानुवर्षं जिम्नॅस्ट मुलींच्या दुखण्यावर उपचार करण्याच्या नावाखाली त्यांच्यावर अत्याचार केले. 2018 मध्ये दीडशेहून जास्त जणींनी कोर्टात उभं राहून ते सांगितलं. त्यातल्या काहींच्या आया त्याच खोलीत हजर होत्या, तरी त्यांना दिसू दिलं गेलं नाही. म्हणून मसाज असो, फिजिओ असो, कोणी कितीही नावाजलेला असो, घरची बाई सोबत हवी, नजर समोर हवी, आणि मुलीला "नको" म्हणायची सवय हवी. ही सवय मसाजच्या टेबलावर अचानक येत नाही, ती जेवणाच्या पानावर लागते. "अजून एक पोळी घे", "नको आजी", आणि आपण खरंच वाढत नाही, तिथून.

यंदाच्या स्पर्धेचं वेळापत्रक अजून यायचं आहे. दशलक्षणाच्या आत-बाहेर कुठं पडतं ते बघून तुकडी आणि डबा ठरवू. जवसाच्या चटणीत कढीपत्ता वाळवून घातला तर ती जास्त दिवस टिकते, असं परवा एकीनं सांगितलं. मी करून बघते, तुमच्याकडे कशी करतात तेही कळवा.